एकसष्ट मायक्रॉन

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मशीनवर होते. एका काळ्या गाडीच्या टपावर पॉलिशचं पॅड फिरत होतं, म्हणून मी श्यामला म्हटलं, स्पीकरवर टाक. मशीन बंद केलं तरी पॅड काही क्षण स्वतःच्या वेगानं फिरत राहतं. ते थांबायच्या आतच पलीकडून आवाज आला, "संघपाल का? मी पंजाबराव बोलतो, अकोल्याहून. ती मरून रंगाची गाडी, आठवते ना? तुझे आभार मानायचे राहिले होते बाबू. तुझ्या मीटरनं सांगितलं ते खरं निघालं. भगवंतानं कबूल केलं." मी काहीतरी बोललो असेन, बहुतेक "बरं सर" म्हणालो. ते पुढे बोलतच राहिले. तू सांगितलं नसतं तर मले कधी समजलंच नसतं, अकरा वर्षं त्याच्या बाजूला बसून फिरलो, पण जाऊ दे, माफ केलं मी त्याला, माणूसच आहे. मग माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं आणि फोन ठेवला. श्यामनं मोबाइल टेबलावर ठेवत विचारलं, "काय कबूल केलं बे त्यानं?" मी म्हणालो, त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी ठोकली होती म्हणे, लपवून दाराला रंग दिला होता. "मंग आता ठाण्यात जाऊन सांगतो," श्याम म्हणाला, "चोर सापडत नसन तं आमच्या संघपालचं मीटर लावा म्हना," आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन चहा सांगायला बाहेर गेला. मीही हसलो होतो. हसताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या का गरम होतात हे मला ठाऊक आहे. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचेकडे रक्त जास्त येतं. कारण ठाऊक असल्यानं पाळ्या गार होत नाहीत.

भगवंतानं गाडी ठोकली नव्हती. त्या दाराला कुणीही रंग दिला नव्हता. ते दार मी जाळलं होतं.

आमचं दुकान बडनेरा रोडला आहे. जागा आणि गिऱ्हाइकं श्यामची, हात आणि मीटर माझं. गाडीच्या रंगावरचे ओरखडे मशीननं काढायचे, हे काम. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून हे काय करतो, असं विचारणाऱ्यांना मी उत्साहानं सांगायचो की हे भौतिकशास्त्रच आहे. रंगावर एक पारदर्शक थर असतो, साधारण चाळीस ते पन्नास मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. ओरखडे त्या थरात असतात. ओरखडा भरून काढता येत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणायचा, मग ओरखडा उरत नाही. म्हणजे चकाकी आणायची तर थोडी गाडी कमी करावी लागते. किती कमी केली हे मोजता आलं पाहिजे. म्हणून मी मीटर घेतलं. पत्र्यावर टेकवलं की रंगाची एकूण जाडी सांगतं. अमरावतीत इतर लोक डोळ्यांनी आणि अंदाजानं काम करतात. आमच्या पाटीवर मीच लिहून घेतलं होतं, 'मोजून काम'. ती पाटी दुकानाच्या आत, इन्स्पेक्शनच्या दिव्याखाली आहे आणि फोननंतर मी दिवसभर तिच्याकडे पाठ करून काम करत राहिलो.

पंजाबराव दीड महिन्यापूर्वी आले होते. मुलीकडे आले होते, आरतीताईंकडे, तीन दिवसांसाठी. मुलगी म्हणत होती, बाबा, विका आता ही गाडी, आणि ते म्हणत होते, गाडीले काय झालं, फक्त चमक गेली. एकाहत्तर वर्षांचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. गाडीत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसून आले होते आणि उतरताना मागे वळून "भगवंता, काच वर कर" म्हणाले होते. तेव्हाच भगवंत दिसला. पन्नाशीचा असेल. स्वच्छ धुतलेला पण कॉलरला विरलेला शर्ट, खांद्यावर पिवळं फडकं. माझ्या शिक्षणाची चौकशी झाल्यावर पंजाबराव खुलले. त्यांनी स्वतः तीस वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. "म्हणजे तू आकड्याचा माणूस," ते म्हणाले, "मग झालं, गाडी तुझ्या ताब्यात." एवढं वाक्य. पण मला आजपर्यंत कुणी असं सहज आपल्यात घेतलं नव्हतं, आणि ते वाक्य मी तीन दिवस खिशात घेऊन फिरल्यासारखा फिरलो.

मी त्यांना दिवा दाखवला. अंधाऱ्या खोलीत एकच तीव्र दिवा बॉनेटवर धरला की बारीक ओरखड्यांचं कोळ्याच्यासारखं जाळं दिसतं, दिव्याभोवती गोल गोल. खरं म्हणजे ते ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना, कसेही पडलेले असतात. पण जे प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्यांना गोल दिसतात. दिवा हलवला की जाळं त्याच्यामागून येतं. मी हे समजावून सांगितलं. पंजाबराव वाकून बघत होते, मधूनच "अरे वा" म्हणत होते. मग मी विचारलं, गाडी रोज कोण पुसतं? भगवंत पुढे झाला. "मीच पुसतो ना. रोज सकाळी. एक दिवस खाडा नाही." कोरड्या फडक्यानं? "मंग काय वल्ल्यानं? वल्ल्यानं डाग पडते." मी म्हणालो, हे सगळे ओरखडे त्या कोरड्या पुसण्याचे आहेत, धूळ फडक्याखाली येते आणि घासली जाते. भगवंत त्या जाळ्याकडे बघत राहिला. "म्हंजे अकरा वर्सं मीच गाडी खराब केली म्हना," तो हसून म्हणाला, पण त्यानं खांद्यावरचं फडकं काढून घडी केली आणि खिशात घातलं. मला तेव्हा त्यात गंमत वाटली होती. मी त्याला दोन बादल्यांची पद्धत शिकवली, एक साबणाची, एक फडकं खळबळायची, आणि एक नवं मऊ फडकं भेट दिलं. मी उदार झालो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या डाव्या दाराचं काम चाललं होतं. दाराच्या मधून, हँडलच्या किंचित खालून, पत्र्याला एक धारदार घडी आहे. अशा घडीवर रंग मुळातच कमी बसतो, ओला असताना तो दोन्ही बाजूंना ओघळतो. मशीन लावायच्या आधी घडीवर टेप चिकटवायची असते. हे मला माहीत होतं. मी दार मधोमध तीन ठिकाणी मोजलं, एकशे अठरा, एकशे सोळा, एकशे अठरा. आकडे छान होते, एकमेकांना धरून होते. घडीवर मोजलं नाही आणि टेप लावली नाही. घाई नव्हती, गिऱ्हाईक ताटकळत नव्हतं, दमलेलो नव्हतो. मला वाटलं, मला हाताला समजतं. हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं तरी दुसरं कारण सापडत नाही. वास आधी आला, तापलेल्या प्लास्टिकसारखा. मग मी मशीन उचललं आणि पॅड बघितलं. पांढरं पॅड लाल झालं होतं. पारदर्शक थर घासला तर पॅडवर पांढुरकं येतं. रंग आला याचा अर्थ तो थर संपला, आमच्या कामात याला जाळणं म्हणतात. घडीवर बोटाच्या पेराएवढी जागा निस्तेज झाली होती, आणि तिच्या मधोमध केसाएवढी राखाडी रेघ, रंगाखालच्या प्रायमरची. मी मीटर टेकवलं. एकसष्ट. पुन्हा टेकवलं. एकसष्ट. मी पॅड बादलीत बुडवलं आणि पाणी गुलाबी झालं. त्याच वेळी भगवंत चहाचा पेला घेऊन दारात उभा होता. त्यानं पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "घ्या भाऊ, थंडा होईन."

दुपारी पंजाबराव आले तेव्हा मी ती जागा त्यांना स्वतःहून दाखवली. यातली हुशारी मला आज दिसते. जो स्वतःहून दाखवतो त्याच्यावर संशय येत नाही. दोन्हीकडे मीटर लावून दाखवलं. इथे एकशे अठरा, इथे एकसष्ट. "सर, हे दार आधी रंगवलेलं आहे. बाहेर कुठंतरी. रंग नीट धरला नव्हता, मशीन लागताच निघाला." आकडे खरे होते, मीटरवर हिरव्या अंकांत दिसत होते, आणि जन्मभर आकडे वाचलेला माणूस ते चष्मा वर करून वाचत होता. त्यांनी विचारलं, "अंदाजे कधीचं काम असेल?" इथं मला थांबता आलं असतं. सांगता येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण खोट्याला नेमकेपणा दिला की ते खरं वाटतं, हे मला त्या क्षणी कुणी न शिकवता कळलं. मी म्हणालो, "वर्ष, सव्वा वर्ष." पंजाबरावांनी मनाशी काहीतरी जुळवलेलं मला दिसलं. गेल्या वर्षी ते दोन महिने मुलाकडे बंगलोरला होते. गाडीची किल्ली भगवंताकडे होती. हे मला माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे, आणि ते खरंही आहे. पण कुणाकडेतरी किल्ली असणारच, एवढं मला कळत होतं. "साहेब, असं काई झालं नाई," भगवंत म्हणाला. "देवाची आन. या गाडीले खरोच नाई लागू देल्ली मी." जाताना पंजाबरावांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि मागे बसले. मला वाटलं, दुपारचं ऊन पुढच्या काचेतून येतं, म्हणून असेल.

फोनच्या रात्री माझ्या डोक्यात सारखी येत राहिली ती कॉलेजची प्रयोगशाळा. तिथे सगळे रीडिंग बसवायचे. म्हणजे उत्तर आधी घ्यायचं, लंबकावरून गुरुत्वाचं त्वरण काढायचं तर नऊशे ऐंशी, आणि त्यावरून उलटं गणित करत तक्त्यातले आकडे भरायचे. दोन-तीन आकडे मुद्दाम जरा चुकवायचे, म्हणजे खरं वाटतं. कुणाला त्यात काही वाटत नसे, सरांनाही. माझी जोडीदार प्रणाली म्हणायची, "अबे, लंबक मोजून कोणाचं भलं झालं? बसव आन् चल." मी बसवलं नाही. माझं उत्तर नऊशे एकवीस आलं, मी वहीत तेच लिहिलं, आणि तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, पृथ्वी हलकी झाली का रे? सगळे हसले. मार्क कमी पडले. त्या नऊशे एकवीसवर मी पुढची सहा वर्षं जगलो. कुठेही, कुणाशीही वाद झाला, कुणी माझ्या आडनावावरून माझी गुणवत्ता जोखायला लागलं, की मी मनातल्या मनात तो आकडा काढून बघायचो. मी तो माणूस आहे ज्यानं रीडिंग बसवलं नाही. आता त्या वहीचं काय करायचं? मला असं वाटायला लागलं की ते प्रामाणिक नव्हतंच. तेव्हा नऊशे एकवीस लिहिल्यानं लोक माझ्याकडे बघणार होते आणि या वेळी एकसष्टचं खरं सांगितल्यानं लोक माझ्याकडे बघणार होते. पहिल्या बघण्यात मी मोठा होत होतो, दुसऱ्यात लहान. एवढाच हिशोब दोन्ही वेळा केला असेल तर? सकाळी आरशात दाढी करताना मी एकदाही स्वतःच्या डोळ्यांकडे बघितलं नाही, फक्त हनुवटीकडे.

रविवारी मी अकोल्याची बस धरली. श्यामला सांगितलं, मीटर तपासून आणतो. तेही खोटंच, पण लहान. मीटर पँटच्या खिशात होतं आणि मांडीला टोचत होतं. बडनेऱ्यानंतर दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, अर्धी वेचलेली, बोंडांची टरफलं झाडाला तशीच. शेजारच्या सीटवर एक म्हातारी डब्यातून भाजी-भाकर खात होती. तिनं माझ्यासमोर अर्धी भाकर धरली. "खाय ना बाप्पा, तोंड काहून असं करून राह्यला?" मी नको म्हटलं. मग तिनं विचारलं, कोणाकडं चालला? मी म्हणालो, सरांकडे. "शाळेत शिकोते का ते?" हो, म्हणालो. मूर्तिजापूरला ती उतरून गेली आणि मी विचार करत राहिलो की तिला खोटं सांगायची काय गरज होती. आणि काय बोलायचं ते जुळवत राहिलो. 'सर, माझ्याकडून मोजण्यात चूक झाली.' हे खरं नव्हतं, मोजणं बरोबर होतं. 'सर, गैरसमज झाला.' झाला नव्हता, करून दिला होता. मराठीत अशी किती वाक्यं आहेत ज्यांत करणारा माणूस सापडतच नाही. बोरगाव मंजू येईपर्यंत माझ्याकडे एकच वाक्य उरलं, 'मी खोटं बोललो.' ते मी ओठ न हलवता म्हणून पाहिलं. तीन शब्द. बस अकोल्याच्या स्टँडवर लागली तेव्हा उतरणाऱ्यांत मी शेवटचा होतो, आणि एक क्षण असाही आला की कंडक्टरला विचारावं, हीच बस परत कधी सुटते.

घर शोधायला वेळ लागला नाही. फाटकाच्या आत गाडी उभी होती आणि भगवंत ती धूत होता. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. वरून खाली, सरळ रेषेत, मी सांगितलं होतं तसं, मी दिलेल्या फडक्यानं. मी फाटकाबाहेर उभा राहून पाहत होतो. त्यानं माझ्या शब्दावर इतका विश्वास ठेवला होता की अकरा वर्षांची सवय दीड महिन्यात मोडली होती. मग त्यानं मान वर केली. "आले का भाऊ," तो म्हणाला. आश्चर्य नव्हतं त्याच्या आवाजात. "साहेब पूजेत आहेत. बसा." मी बसलो नाही. मी म्हणालो, "भगवंतभाऊ, ते दार..." त्यानं फडकं पिळलं. "मले माहीत आहे दार. रोज हात फिरवतो मी त्याच्यावर. सोमवारी तुमच्याकडं गाडी आनली तवा ते दार गुळगुळीत होतं. बुधवारी नव्हतं. यात मीटर कायले पाह्यजे?" मग म्हणाला, "आन् ते बादलीतलं पानी. लाल. मी घरी येऊन विचार केला, गाडीचा रंग त् गाडीले पाह्यजे, बादलीत कसा आला?" मी विचारलं, मग तुम्ही सरांना तेव्हाच का नाही सांगितलं? तो माझ्याकडे बघून हसला, दिव्याखाली हसला होता तसंच. "सांगतलं ना. तुमच्या मोरंच सांगतलं. पन तुमच्याजवळ मशीन होती. माह्याजवळ काय होतं, देवाची आन?" मी म्हणालो, "पण मग कबूल का केलं?" तो बादलीत वाकून पाणी ढवळत राहिला. "तुमी कायले आले ते करा," तो म्हणाला.

पंजाबराव बाहेर आले, कपाळाला गंध, हातात वर्तमानपत्र. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अरे! तू कसा इकडे? भगवंता, चहा सांग आत." मी म्हणालो, चहा नको सर, आणि बसमध्ये जुळवलेलं वाक्य म्हणण्याऐवजी मी खिशातून मीटर काढलं. हेही मला नंतर लाजिरवाणं वाटलं, की खरं सांगायलाही मला यंत्राच्या मागे उभं राहावं लागलं. मी दाराजवळ गेलो आणि ओल्या पत्र्यावर मीटर टेकवलं. "एकशे अठरा. एकशे सतरा. हे दाराच्या मधलं. सर, कंपनीच्या रंगाची जाडी एवढीच असते. दार पुन्हा रंगवलं असतं तर इथे दोनशेच्या वर, अडीचशे आलं असतं, कारण रंगावर रंग चढतो. हे मागचं दार. एकशे सोळा. हे बॉनेट." मी गाडीभोवती फिरत होतो आणि आकडे मोठ्यानं वाचत होतो आणि माझा आवाज प्रयोगशाळेतल्या तोंडी परीक्षेसारखा होत चालला होता. ते माझ्यामागून चालत होते. चौथ्या की पाचव्या आकड्याला ते थांबले. "आणि त्या दिवशी तो एकसष्ट दाखवला होता," ते सावकाश म्हणाले, "तो नमुना कुठचा घेतला होता?" "घडीवरचा, सर. तिथं रंग मुळातच पातळ असतो. आणि मी तो आणखी घासला. टेप लावली नाही. मी जाळलं. आणि मग तुम्हाला खोटं सांगितलं."

ते दाराकडे बघत होते. साबणाचा फेस घडीवरून ओघळत होता आणि त्या निस्तेज जागेवर जरा अडकत होता, कारण तिथला पृष्ठभाग खडबडीत झाला आहे. "तीस वर्षं," ते म्हणाले, माझ्याशी नव्हे, "तीस वर्षं मी लोकांना सांगितलं, माती वावराच्या मधातली आणा. धुऱ्यावरची आणू नका, बांधालगतची माती वेगळी असते, तिच्यावरून वावराचं काही समजत नाही. कोणी पुडी घेऊन आलं की पहिला प्रश्न माझा हाच असायचा, कुठची घेतली?" ते थांबले. "तुला विचारला नाही मी." मला वाटलं आता ते माझ्यावर ओरडतील, आणि मी त्यासाठी तयार होतो, खरं तर मला ते हवं होतं, एवढं ओरडावं की माझ्या वाट्याची शिक्षा संपून जावी. पण ते माझ्याकडे वळलेच नाहीत. ते भगवंताकडे वळले. भगवंत बादलीजवळ उभा होता, ओले हात शरीरापासून जरा दूर धरून.

"काहून रे," पंजाबराव म्हणाले. प्रयोगशाळा, निवृत्ती, चष्मा सगळं बाजूला पडून आवाज एकदम गावाकडचा झाला होता. "तू तं काही केलंच नव्हतं. मंग हो काहून म्हणला?"

भगवंतानं हात शर्टाला पुसले. "तुमी जेवत नव्हते ना साहेब," तो म्हणाला. "चतुराबाई रोज ताट भरून परत नेत होती. एक महिना झाला. भगवंत खोटं बोलला, भगवंत खोटं बोलला, हेच एक घेऊन बसले होते. मंग म्या म्हनलं, हो म्हनून टाकतो. मी हो म्हनलं त्या दिवशी तुमी दोन पोया खाल्ल्या."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. चतुराबाई म्हणजे स्वयंपाक करणारी बाई असावी. तिची सावली जाळीच्या दारामागे होती, ती मागे सरकली. मी मीटर बंद केलं. ते आपोआपही बंद होतं, तीस सेकंदांनी, पण मला काहीतरी करायला हवं होतं. "सर, दार मी रंगवून देतो," मी म्हणालो, आणि म्हणताच कळलं की पुढे कुणी त्या दारावर मीटर लावलं तर दोनशेच्या वर आकडा येईल. ज्या रंगकामाचा आळ मी भगवंतावर आणला होता ते मीच करून देणार होतो. पंजाबरावांनी फक्त हात हलवला, राहू दे अशा अर्थानं, किंवा जा अशा अर्थानं.

मग ते एकदम घड्याळाकडे बघून म्हणाले, दवाखान्यात जायचं आहे, डोळे दाखवायला, वेळ घेतलेली आहे. जणू काही झालंच नव्हतं आणि जणू आता तिथं उभं राहणं कुणालाच शक्य नव्हतं. भगवंतानं घाईनं गाडी कोरडी केली, बादल्या बाजूला ठेवल्या, किल्ली आणली. पंजाबराव चप्पल घालून खाली उतरले. ते गाडीच्या डाव्या बाजूनं चालत आले आणि पुढच्या दारापाशी, त्या दारापाशी, थांबले. हात हँडलकडे गेला. मी फाटकाशी होतो. तिथून मला त्यांची बोटं दिसत होती, हँडलच्या वर, त्याला न टेकलेली. हँडलच्या खाली ती घडी. भगवंत आत बसून होता, किल्ली लावून, समोर बघत. त्यानं शेजारच्या सीटवरचा वर्तमानपत्राचा कागद उचलून मागे टाकला, जागा मोकळी केली. मी मनात म्हणत होतो, बसा, बसा ना सर. एवढं झालं तर मला परतीच्या बसमध्ये बसता येईल. बोटं तशीच राहिली. मग त्यांनी हात मागे घेतला, एक पाऊल मागे सरकले, मागचं दार उघडलं आणि आत बसले.

पहिल्यांदा ते मागे बसले ते रागानं. या वेळी तसं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या माझ्यापासून वीस फुटांवर होत्या, मागच्या काचेत, आणि त्या लाल झालेल्या मला दिसल्या.

भगवंतानं मागे वळून पाहिलं नाही. त्यानं आरशाला हात लावला. ड्रायव्हर आरसा नीट करतात तसाच, सहज. पण त्यानं तो वर, छताकडे फिरवला, जेणेकरून मागे बसलेल्या माणसाचा चेहरा त्याला दिसू नये. मग गाडी फाटकातून हळूच बाहेर काढली, माझ्या अगदी जवळून. उन्हात तिची चकाकी अप्रतिम होती. पत्र्यातल्या सूर्याभोवती एकही ओरखडा नव्हता.